आडवी पडलेली स्क्रीन : हुकूम दिला कोणी?

संगणक सुरू आहे, मॉनिटर टेबलावर नीट उभा आहे, वायर सैल झालेली नाही, आणि तरी पडद्यावरचं सगळं कुशीवर झोपलं आहे. खालची टास्कबार बाजूच्या कडेला उभी चिकटली आहे, फोल्डरची नावं मान वाकडी केल्याशिवाय वाचता येत नाहीत, माउस उजवीकडे सरकवला की पडद्यावरचा बाण वर किंवा खाली पळतो. कधी याहून वाईट होतं आणि सगळं चित्रच डोक्यावर उभं राहतं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. व्हायरस शिरला, मॉनिटर गेला, आता फॉरमॅट मारावा लागणार!

यातलं बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. चित्र फिरवण्याची सोय संगणकात मुद्दाम ठेवलेली असते. त्या सोयीला कुठून तरी हुकूम मिळालेला असतो आणि संगणकाने तो मुकाट पाळलेला असतो. त्यामुळे ‘काय बिघडलं’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. ‘हुकूम कोणी दिला’ हे शोधलं, तर उपायही सापडतो आणि पुन्हा असं होणंही टळतं.

पण समोर काम अडलेलं असताना कारणमीमांसा कोण ऐकणार? तेव्हा उपाय आधी. कीबोर्डवरची कंट्रोल आणि आल्ट ही दोन बटणं दाबून धरा आणि सोबत वरच्या दिशेच्या बाणाचं बटण दाबा. इंटेलचं ग्राफिक्स आणि थोडा जुना ड्रायव्हर (म्हणजे ग्राफिक्स चालवणारा प्रोग्राम) असलेल्या संगणकावर स्क्रीन क्षणभर काळी होते आणि चित्र सरळ होऊन येतं. काहीच झालं नाही, तर विंडोजचं बटण आणि आय हे अक्षर एकत्र दाबा. सेटिंग्ज उघडतील. त्यात सिस्टीम, मग डिस्प्ले, आणि तिथे ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’ नावाचा रकाना. त्यात चार पर्याय असतात : लँडस्केप, पोर्ट्रेट, आणि या दोघांचे उलटे अवतार. आपल्याला नुसतं लँडस्केप हवं आहे. विंडोज 7 वर हाच रकाना डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘स्क्रीन रिझोल्यूशन’मध्ये मिळतो. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेज या पानावर ‘रोटेशन’ म्हणून असतो.

पर्याय निवडल्यावर विंडोज विचारतं, हा बदल कायम ठेवायचा का? उत्तर द्यायला 15 सेकंद मिळतात. तेवढ्यात ‘कीप चेंजेस’ दाबलं नाही, तर चित्र पुन्हा पहिल्यासारखं आडवं होतं. अनेकजण इथेच फसतात. चित्र सरळ झालं म्हणून सुटकेचा श्वास टाकतात, बटण दाबायचं राहतं, आणि मग ‘आपोआप परत फिरलं’ अशी तक्रार सुरू होते.

फिरलेल्या पडद्यावर माउस चालवणं हा मोठाच वैताग असतो. त्यावर एक सोपी युक्ती आहे. चित्राचा माथा ज्या बाजूला गेला असेल, त्याच बाजूला माउसचं तोंड करून तो टेबलावर आडवा धरा. मग हात जिकडे जाईल तिकडेच बाण जाईल. नाहीतर टॅब, बाणाची बटणं आणि एंटर एवढ्यावरही सगळं काम होतं. मॉनिटर दोन असतील, तर डिस्प्लेच्या पानावर आधी ‘आयडेंटिफाय’ दाबून आडव्या पडलेल्या मॉनिटरचा क्रमांक बघा, त्याच्या चौकोनावर क्लिक करा आणि मगच ओरिएंटेशन बदला. नाहीतर सरळ असलेला मॉनिटरच आडवा होऊन बसतो.

आता हुकूम देणाऱ्यांकडे वळू. डेस्कटॉपवर सर्वांत जास्त वेळा हा हुकूम माणसाच्या बोटांनीच दिलेला असतो, तोही नकळत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या इंटेल प्रोसेसरच्या संगणकांत, म्हणजे कचेऱ्यांतल्या आणि शाळांतल्या असंख्य डेस्कटॉपमध्ये, चित्राचं काम प्रोसेसरमधलंच इंटेलचं ग्राफिक्स करतं. त्याच्या ड्रायव्हरमध्ये वर्षानुवर्षं कंट्रोल, आल्ट आणि बाण ही जुळणी स्क्रीन फिरवण्यासाठी राखलेली होती. वरचा बाण म्हणजे सरळ, खालचा म्हणजे डोक्यावर, डावा-उजवा म्हणजे त्या त्या कुशीवर. कापडाने कीबोर्ड पुसताना, मांडीवरच्या लहान मुलाने हात मारल्यावर किंवा कीबोर्डवर फाइल ठेवल्यावर ही तीन बटणं एकदम दाबली जाणं अगदी शक्य असतं.

जे जाणूनबुजून बटणं दाबतात त्यांचीही यातून सुटका नाही. प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-आल्ट आणि वरचा-खालचा बाण म्हणजे वरच्या किंवा खालच्या ओळीत आणखी एक कर्सर ठेवणं. इंटेलिजे आयडियामध्ये कंट्रोल-आल्ट आणि डावा-उजवा बाण म्हणजे आधी पाहिलेल्या जागी मागे-पुढे जाणं. माणूस कर्सर ठेवायला जातो आणि अख्खी स्क्रीन कोलांटी घेते. आपल्याकडच्या कीबोर्डचाही एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ हा कीबोर्ड निवडलेला असेल, तर उजवं आल्ट आणि 4 दाबल्यावर ₹ हे चिन्ह उमटतं. अशा कीबोर्डवर उजवं आल्ट म्हणजे विंडोजच्या हिशेबी कंट्रोल आणि आल्ट दोन्ही. पावतीवर रुपयाचं चिन्ह टाकलं, बोट उजव्या आल्टवर तसंच राहिलं आणि पुढच्या चौकटीत जायला बाणाचं बटण दाबलं, तर फिरवण्याचा हुकूम पूर्ण होऊ शकतो.

माझ्या मते ही बटणं मुळात चालू ठेवून देणंच चुकीचं होतं. क्वचित लागणारी सोय इतक्या सहज दाबल्या जाणाऱ्या बटणांवर ठेवू नये. नव्या ड्रायव्हरमध्ये ती बहुधा बंद असते किंवा नसतेच. जुन्या ड्रायव्हरवर डेस्कटॉपवर राइट क्लिक करा. ‘ग्राफिक्स ऑप्शन्स’मध्ये ‘हॉट कीज’ आणि त्यात ‘डिसेबल’ मिळतं. ‘इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर’ हे अ‍ॅप असेल, तर त्याच्या सिस्टीम विभागात हॉट कीजचं पान असतं. संगणकात एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रोटेट डिस्प्ले’ असं वेगळं पान आहे. तिथे कोणी बदल केला असेल, तर तिथूनच तो परत फिरवता येतो.

चित्र फिरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा समजलं की पुढची सगळी शोधाशोध सोपी होते. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे 1920 आणि उभे 1080 असे एकूण 20,73,600 ठिपके असतात. ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके जमिनीवर एकदा मांडले की ते हलत नाहीत, पण त्याच ठिपक्यांवर नक्षी उभी काढायची की आडवी हे काढणाऱ्याच्या हातात असतं. विंडोजला पोर्ट्रेट सांगितलं की ते सगळ्या प्रोग्रामना कळवतं, आपला पडदा आता 1080 रुंद आणि 1920 उंच आहे. प्रोग्राम त्या मापाने आपापल्या खिडक्या रेखाटतात. मग ग्राफिक्सचा भाग प्रत्येक ठिपक्याचा रंग उचलून नव्या जागी नेऊन ठेवतो आणि वायरीतून मॉनिटरकडे पूर्वीसारखंच 1920 गुणिले 1080 चं चित्र पाठवतो. मॉनिटरला या उलाढालीचा पत्ताही नसतो. त्याच्यापुरतं पाहिलं तर तो नेहमीचंच काम नेहमीसारखं करत असतो.

यातून एक उत्तम चाचणी मिळते. मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू आणा, म्हणजे ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट असतो तो. चित्र आडवं पण मेनू सरळ असेल, तर मॉनिटर निर्दोष आहे आणि हुकूम संगणकातून आला आहे. (उभा करता येणाऱ्या काही मॉनिटरमध्ये हा मेनू फिरवण्याचंही सेटिंग असतं, तेवढं आधी पाहून घ्यावं.) दुसरी चाचणी संगणक पुन्हा सुरू करून करायची. सुरुवातीला कंपनीचं चिन्ह येतं तेव्हा विंडोजचं सेटिंग अजून लागू झालेलं नसतं. चिन्ह सरळ आणि नंतरचं सगळं आडवं, म्हणजे गोष्ट विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. चिन्हसुद्धा उलटं आलं, तर मात्र मॉनिटरच्या, टीव्हीच्या किंवा प्रोजेक्टरच्या मेनूत शिरायचं.

एक चाचणी मात्र हमखास दिशाभूल करते. स्क्रीन आडवी झाली म्हणून तिचा स्क्रीनशॉट काढून ओळखीच्या तंत्रज्ञाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो, आणि तो म्हणतो, ‘सगळं सरळच तर दिसतंय!’ त्याचं बरोबर असतं. स्क्रीनशॉट विंडोजच्या नजरेतून काढला जातो, आणि विंडोजच्या लेखी काहीच वाकडं नसतं. पडदा फक्त उभा झालेला असतो. चित्र डोक्यावर उभं असेल, तर स्क्रीनशॉटमध्ये तिळमात्र फरक दिसत नाही. अशा वेळी मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढून पाठवावा. मॉनिटरची कड फोटोत दिसली, की बघणाऱ्याला सगळं उमगतं.

शाळांच्या आणि सभागृहांच्या बाबतीत प्रोजेक्टरचा मामला वेगळा आहे. छताला उलटा टांगलेला प्रोजेक्टर चित्रही उलटंच टाकेल, म्हणून त्याच्या मेनूत ‘सीलिंग’ असा पर्याय दिलेला असतो. पडद्यामागून प्रकाश टाकायचा असेल, तर ‘रिअर’ असा दुसरा पर्याय असतो, आणि तो चित्र आरशातल्यासारखं पलटवतो. हा फरक ध्यानात ठेवावा. विंडोजचं ओरिएंटेशन चित्र फिरवतं, पण आरशातलं करत नाही. अक्षरं उजवीकडून डावीकडे उलटी दिसत असतील, तर संगणकात शोधण्यात अर्थ नाही. प्रोजेक्टरचाच मेनू उघडावा. एप्सनच्या अनेक प्रोजेक्टरवर रिमोटवरचं ‘ए/व्ही म्यूट’ हे बटण सुमारे पाच सेकंद दाबून धरलं की चित्र वरचं खाली होतं. शिक्षक बोलता बोलता चित्र झाकायला हेच बटण दाबतात. बोट जरा जास्त रेंगाळलं, की वर्ग हसू लागतो.

माणसाच्या बोटांनंतर दुसरा हुकूम देणारा म्हणजे सेन्सर. टॅबलेटसारखा वापरता येणारा लॅपटॉप आणि सुटा टॅबलेट यांत अ‍ॅक्सिलरोमीटर नावाची बारीक चिप असते. ती तीन दिशांना गुरुत्वाकर्षणाचा ओढा मोजते आणि त्यावरून खालची बाजू कोणती हे ठरवते. यंत्र उभं किंवा तिरकं असेल तोवर तिचा निर्णय पक्का असतो. ते टेबलावर सपाट ठेवलं, की ओढा थेट पाठीच्या दिशेने जातो आणि चारही कडा तिला सारख्याच वाटतात. मग जरासा कलही पुरतो आणि स्क्रीन गर्रकन फिरते. विंडोजवर विंडोजचं बटण आणि ओ हे अक्षर दाबलं की फिरणं कुलूपबंद होतं. सेटिंग्जमध्ये तेच ‘रोटेशन लॉक’ या नावाने दिसतं. डेस्कटॉपला सहसा असा सेन्सर नसतो. पण काही महागड्या मॉनिटरमध्ये तो असतो आणि सोबतचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल, तर मॉनिटर फिरवताच चित्रही फिरतं. मॉनिटर न हलवता चित्र फिरत असेल, तर त्या सॉफ्टवेअरमधलं आपोआप फिरण्याचं सेटिंग बंद करून पाहावं. लिनक्सवर चिप यंत्रात कशी बसवली आहे याची माहिती चुकीची असेल, तर नव्वद किंवा एकशेऐंशी अंशांनी चुकलेलं चित्र मिळतं. अशा यंत्रांच्या दुरुस्तीच्या नोंदी तिथे एका यादीत जपून ठेवलेल्या आहेत.

तिसरा हुकूम विंडोजच्या स्मरणातून येतो, आणि लोक सर्वांत जास्त गोंधळतात ते इथे. विंडोज प्रत्येक मॉनिटरची आणि मॉनिटरच्या प्रत्येक जोडणीची मांडणी रजिस्ट्री नावाच्या आपल्या नोंदवहीत वेगवेगळी लिहून ठेवतं. ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरला लॅपटॉप जोडला असताना एकदा पोर्ट्रेट केलं असेल, तर घरी सगळं सरळ दिसेल आणि पुन्हा तोच मॉनिटर जोडला की चित्र पुन्हा आडवं होईल. ‘कधी होतं, कधी होत नाही’ असं वाटतं, पण त्यात नियम असतो. ज्या जोडणीत चित्र आडवं होतं, ती जोडणी लावलेली असतानाच सेटिंग बदललं पाहिजे. घरी बसून ते कितीदाही बदललं, तरी ऑफिसातली नोंद तशीच राहते.

चौथा, ड्रायव्हर. काही छोट्या यंत्रांत मुळात उभी बनलेली स्क्रीन आडवी बसवलेली असते. खेळांसाठीच्या स्टीम डेकची मूळ स्क्रीन 800 रुंद आणि 1280 उंच आहे, म्हणून त्यावर विंडोज टाकायला घेतलं की सुरुवातीचे पडदे कुशीवर दिसतात. योग्य ड्रायव्हर आला की तो चित्र फिरवून घेतो. अशा यंत्रांवर एखाद्या अपडेटनंतर ड्रायव्हर निसटला, तर स्क्रीन आपल्या मूळ उभ्या रूपात परतते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असं नाव दिसलं, तर हेच झालं आहे असं समजावं आणि संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा. अपडेटच्या आधी सगळं ठीक असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने आधीची आवृत्ती परत आणता येते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तर अशा आडव्या बसवलेल्या पॅनेलच्या यंत्रांची नावानिशी यादीच आहे.

एवढा उपद्रव होतो, तर ही सोय मुळात ठेवलीच कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. कारण वाचायचं-लिहायचं पान उभं असतं. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात 1973 मध्ये तयार झालेल्या आल्टो संगणकाचा पडदा उभाच होता, 606 रुंद आणि 808 उंच. डोळ्यासमोर कागदाचं पान ठेवूनच तो बनवला होता. पुढे पडदे टीव्हीच्या वळणावर आडवे झाले. 1986 मध्ये मॅकिंटॉशच्या मूळ चमूतल्या अँडी हर्ट्झफेल्ड आणि बरेल स्मिथ यांच्या सहभागातून रेडियस ही कंपनी निघाली. तिने ‘पिव्हट’ नावाचा मॉनिटर आणला, जो हाताने उभा केला की चित्रही त्यासोबत उभं होई. लिनक्स-युनिक्सच्या जगात किथ पॅकर्ड आणि जिम गेटिस यांनी 2001 च्या सुमारास एक्स विंडो प्रणालीला चालू असताना स्क्रीन फिरवण्याची जोड दिली.

आज पुस्तकाची पानं लावणारे डीटीपी ऑपरेटर, लांबच लांब कोड वाचणारे प्रोग्रामर, क्ष-किरण चित्रं पाहणारे रेडिओलॉजिस्ट आणि मॉलमधले जाहिरातीचे उभे फलक या सगळ्यांना ही सोय लागते. मराठी पुस्तकाचं काम करणाऱ्यांना मी ती आवर्जून सुचवीन. ए-4 चं अख्खं पान उभ्या मॉनिटरवर पूर्ण मावतं आणि वर-खाली जागाही उरते. दोन गोष्टी मात्र बघाव्यात. स्वस्त टीएन पॅनेल उभं केलं की दोन डोळ्यांना रंग वेगवेगळे भासतात, म्हणून आयपीएस पॅनेल असलेलं बरं. आणि विंडोजचं क्लिअरटाइप हे तंत्र प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे भाग आडव्या ओळीत आहेत असं धरून अक्षरं गुळगुळीत करतं. मॉनिटर उभा केला की ते भाग एकाखाली एक येतात, आणि काना-मात्रांच्या कडांना रंगाची झाक येऊ शकते. स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधून त्याची जुळणी पुन्हा केली, तर बराच फरक पडतो.

राहिली व्हायरसची भीती. खोडसाळ प्रोग्राम स्क्रीन फिरवू शकतो, पण वर सांगितलेली सगळी कारणं तपासून झाल्याशिवाय त्या निष्कर्षावर जाऊ नये. खरा धोका दुसरीकडे आहे. घाबरलेला माणूस इंटरनेटवर मदत क्रमांक शोधतो, मिळेल तो नंबर फिरवतो, आणि पलीकडचा सांगेल ते दूरनियंत्रणाचं अ‍ॅप टाकून संगणकाचा ताबा देऊन बसतो. अशाच अ‍ॅपच्या आडून बँक खाती रिकामी करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये बँकांना सावध केलं होतं. आडवी स्क्रीन सरळ करायला कोणाच्याही हाती संगणकाचा ताबा द्यावा लागत नाही, की फी मोजावी लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगून ठेवा आणि कंट्रोल, आल्ट, वरचा बाण, नाहीतर सेटिंग्जमधलं डिस्प्ले ओरिएंटेशन, एवढं एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. कोणी ताबा घेऊन पैसे काढलेच, तर वेळ न घालवता 1930 या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.